आकाशातून उतरणारी दरोडेखोर : ‘फिलिबस’ हा मूकपट पहिल्यांदा कसा पाहावा

१९१५ साली इटलीतल्या तुरिन शहरात ‘फिलिबस’ नावाचा मूकपट तयार झाला. त्याची नायिका चोर आहे आणि तिच्याकडे स्वतःची आकाशनौका, म्हणजे वायू भरलेल्या प्रचंड फुग्याच्या आधाराने उडणारं वाहन आहे. दोराला टांगलेल्या बंद पाळण्यात बसून खाली उतरायचं, हात मारायचा आणि कुणाला पत्ता लागायच्या आत पुन्हा ढगांत नाहीसं व्हायचं, ही तिची रीत. एवढं ऐकूनच चित्रपट बघावासा वाटतो. तरी मूकपटांची सवय नसलेली कितीतरी मंडळी मोठ्या हौसेने बसतात आणि दहा-पंधरा मिनिटांत उठतात. बहुतेक वेळा त्यात चित्रपटाचा दोष नसतो. प्रत खराब मिळालेली असते, वेग चुकलेला असतो, नाहीतर डोळे आजच्या चित्रपटांच्या गतीने भिरभिरत असतात. या तिन्ही अडचणी घरबसल्या दूर करता येतात. त्या कशा, ते इथे क्रमाने सांगतो. कथेची मांडणी सांगावीच लागेल, शेवट मात्र सांगणार नाही.

पहिली पायरी : प्रत निवडा

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. मूकपटांचे हक्क बहुधा संपलेले असल्यामुळे एकाच चित्रपटाच्या अनेक प्रती इंटरनेटवर फिरत असतात. त्यातल्या काही जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेल्या असतात, काहींत चेहरे ओळखू येत नाहीत, काहींच्या कडा कापलेल्या असतात. समोर आलेली पहिली प्रत लावू नका.

‘फिलिबस’ आज बघायला मिळतो याचं श्रेय ॲमस्टरडॅमच्या आय फिल्म म्यूझियमला जातं. यान देस्मेत हा हॉलंडमधला चित्रपटगृहांचा मालक आणि वितरक होता. भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या फिल्म त्याने टाकून दिल्या नाहीत. इतरांनी त्या काळी जुन्या फिल्म चांदी काढण्यासाठी विकल्या, जाळल्या, नाहीतर कुजू दिल्या. देस्मेतच्या संग्रहात नऊशेहून अधिक चित्रपट उरले. त्याच्या पश्चात ते या डच संग्रहालयाकडे गेले आणि २०११ साली युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ यादीत या संग्रहाची नोंद झाली. तिथेच ‘फिलिबस’ टिकला. पुढे त्याची पुनर्संचयित, म्हणजे डागडुजी करून मूळ रूपाच्या जवळ आणलेली प्रत तयार झाली आणि अमेरिकेतल्या माइलस्टोन फिल्म्स या संस्थेने ती वितरित केली. तुम्हाला शोधायची आहे ती हीच प्रत. तिची लांबी सव्वा तासाच्या आसपास आहे.

प्रत बरी आहे की नाही हे ओळखायच्या काही खुणा आहेत. पहिली खूण रंगाची. मूकपट म्हणजे कृष्णधवल, असं आपण धरून चालतो. पण त्या काळी फिल्म रंगाच्या द्रावणात बुडवून अख्खा प्रसंग एकाच छटेत रंगवण्याची पद्धत होती. रात्र निळी, दिव्याच्या उजेडातली खोली पिवळसर, आगीचा प्रसंग लाल. हा नुसता शृंगार नव्हता. तेव्हाच्या फिल्मवर रात्रीचं चित्रण जवळजवळ अशक्य होतं, त्यामुळे रात्रीचे प्रसंग भर उन्हात चित्रित करून नंतर निळे केले जात. रंग काढून टाकलेली प्रत लावलीत तर ऐन रात्री बागेतून लपतछपत जाणारी माणसं टळटळीत दुपारी हिंडताना दिसतील, आणि यांना कुणी बघत कसं नाही, असा प्रश्न तुम्हाला पडेल. चोरीच्या चित्रपटात हे फार महाग पडतं.

दुसरी खूण चौकटीची. मूकपटाची चौकट उंचीच्या मानाने फारशी रुंद नसते, चारास तीन या प्रमाणाच्या जवळपास असते. रुंद पडद्याचा टीव्ही ती आपोआप ताणतो आणि सगळी पात्रं बुटकी, जाडी दिसायला लागतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र मूळ प्रमाणात आणा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या.

तिसरी खूण नावाची. फिलिबसची भूमिका व्हालेरिया क्रेतीने केली आहे. बरीच वर्षं ती क्रिस्तिना रुस्पोलीच्या नावावर लिहिली जायची. रुस्पोली या चित्रपटात आहे, पण ती लिओनोराच्या भूमिकेत. प्रतीसोबतच्या माहितीत मुख्य भूमिकेपुढे रुस्पोलीचं नाव दिसलं, तर ती माहिती जुन्या नोंदींवरून उचललेली आहे, आणि प्रतही जुनीच असण्याचा संभव मोठा.

दुसरी पायरी : वेग तपासा

मूकपटातली माणसं तुरुतुरु, झटक्याझटक्याने चालतात, हा समज चुकीच्या वेगामुळे रूढ झाला. त्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि दर सेकंदाला साधारण सोळा ते अठरा चौकटी, म्हणजे सुटी स्थिरचित्रं, टिपल्या जात, कधी थोड्या कमी, कधी जास्त. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस चौकटी हा वेग ठरला. जुनी फिल्म त्याच वेगाने चालवली की सोळा मिनिटांचा मजकूर अकरा मिनिटांत संपतो आणि गंभीर प्रसंगही हास्यास्पद दिसतो.

चांगल्या प्रतीत हे आधीच नीट केलेलं असतं. खात्री करायची असेल तर कुणीतरी खोलीत शिरून खुर्चीवर बसतं असा एखादा साधा प्रसंग बघा. बसणं नैसर्गिक वाटलं तर वेग बरोबर आहे. माणूस खुर्चीवर आदळल्यासारखा वाटला, तर व्हिडिओचा वेग ०.७५ वर आणून बघा. चोवीसवरून अठरावर यायला नेमका एवढाच फरक लागतो. संगीत बेसूर होईल, तेव्हा आवाज बंद करा आणि दुसरं काहीतरी लावा.

तिसरी पायरी : संगीताचं काय?

या बाबतीत फार डोकं शिणवू नका. तेव्हा चित्रपटगृहात पियानो किंवा छोटा वाद्यवृंद असे आणि गावोगावी संगीत बदले. आजच्या प्रतींवरचं संगीत आजच्या संगीतकारांचं असतं. ते खटकलं तर बदलण्याचा तुम्हाला पुरा हक्क आहे. पहिल्या खेपेला मात्र काहीतरी संगीत असू द्या. संपूर्ण शांततेत सव्वा तास बघणं नवख्या माणसाला जड जातं.

चौथी पायरी : माणसं आधी ओळखून ठेवा

‘फिलिबस’मध्ये एक व्यक्ती तीन रूपांत वावरते. ते ध्यानात नसलं तर पहिली वीस मिनिटं गोंधळात जातात. चित्रपट हे तुमच्यापासून लपवत नाही, म्हणून इथे सांगायला हरकत नाही.

फिलिबस ही आकाशातली दरोडेखोर. आकाशनौकेवर मुखवटे घातलेले तिचे साथीदार आहेत आणि ते तिचा शब्द खाली पडू देत नाहीत. समाजात तीच बाई बॅरोनेस त्रुआमों म्हणून मानाने वावरते. गरज पडेल तेव्हा तीच काउंट दे ला ब्रीव नावाचा उमदा तरुण होते, पुरुषाच्या पोशाखात, पुरुषाच्या रुबाबात.

समोर आहे गुप्तहेर कुट-हेंडी. ही भूमिका जोव्हानी स्पानोची. फिलिबसला पकडणाऱ्याला बक्षीस जाहीर झालेलं आहे आणि हा तिच्या मागावर आहे. लिओनोरा ही त्याची बहीण. लिओ सँडी हा पुराणवस्तूंचा संग्राहक, लिओनोरावर त्याचा जीव जडलेला. त्याच्या संग्रहात मांजराची एक प्राचीन इजिप्शियन मूर्ती आहे आणि तिचे डोळे हिऱ्यांचे आहेत. चोरीच्या कथेत अशी मूर्ती कशासाठी येते हे कुणाला सांगायला नको.

नावांबद्दल थोडं. देस्मेत डच प्रेक्षकांसाठी चित्रपट घेई, त्यामुळे त्याच्या संग्रहातल्या प्रतींवरच्या पाट्या, म्हणजे प्रसंगांच्या मधे पडद्यावर येणारा लिखित मजकूर, बहुधा डच भाषेतल्या. तुम्ही वाचता तो त्यांचा पुढचा अनुवाद असतो. दोन प्रतींत एखाद्या नावाचं किंवा हुद्द्याचं रूप वेगळं दिसलं तर बिचकू नका.

पाचवी पायरी : पहिल्यांदा बघताना डोळे कुठे ठेवायचे

आज दिग्दर्शक आपलं बोट धरून नेतो. बंदूक महत्त्वाची असेल तर बंदुकीचं जवळून चित्र येतं, चेहरा महत्त्वाचा असेल तर चेहऱ्याचं. १९१५च्या युरोपीय चित्रपटात कॅमेरा बराच काळ एका जागी उभा असतो आणि अख्खी खोली एकदम दिसते. तेव्हा पुढे दोन माणसं बोलत असतील तर मागचं दार, पडदा, खिडकीही बघत राहा. तिथून कुणीतरी डोकावेल, आत शिरेल, निघून जाईल. कुणाला काय दिसतंय आणि कुणाची पाठ कुठे आहे, यावरच ताण उभा केलेला असतो. मोबाइलच्या पडद्यावर हे निसटतं. जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा.

दुसरी सवय पाट्यांची. अनेक मूकपटांत पुढच्या प्रसंगात काय होणार ते पाटी आधीच सांगून टाकते. आजच्या प्रेक्षकाला यात रसभंग वाटतो. पण त्या काळच्या प्रेक्षकाची उत्सुकता ‘काय होणार’पेक्षा ‘हे जमवणार कसं’ यात गुंतलेली असे, आणि चोरीच्या कथेला ही पद्धत फार शोभते. ‘फिलिबस’ बघताना ही उत्सुकता धरून बसलात तर पाट्या अडथळा न वाटता डाव समजावून सांगणाऱ्या वाटतील. पाटी पूर्ण वाचा, मग चित्राकडे बघा. वाचायचं राहिलं तर थांबवून मागे जा, त्यात काही कमीपणा नाही.

अभिनयाबद्दल एवढंच सांगतो की हातवारे मोठे आहेत म्हणून तो वाईट आहे असं चटकन ठरवू नका. कॅमेरा दूर आहे, आवाज नाही, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळायला हवं होतं. पहिली दहा मिनिटं सरली की डोळ्यांना त्याची सवय होते.

सहावी पायरी : फिलिबसच्या हातांकडे लक्ष ठेवा

चित्रपट बघून झाल्यावर मला सगळ्यात जास्त आठवते ती आकाशनौका नव्हे. फिलिबस गुप्तहेराविरुद्ध जो डाव रचते, तो आठवतो. ही पायरी मन लावून वाचा, कारण चित्रपटाचा खरा जीव इथे आहे.

कुट-हेंडी तिच्या मागे लागतो तेव्हा ती पळून जात नाही. बॅरोनेसच्या रूपात ती त्याच्यासमोर येते आणि संशयाचं बोट खुद्द त्याच्याकडेच वळवते. मग ते सिद्ध करायच्या मागे लागते. रात्री आकाशनौकेतून उतरून ती त्याला गुंगी आणते आणि त्याच्या हाताचा साचा घेते. त्या साच्यावरून हातमोजा तयार होतो. आता ती जिथे चोरी करेल तिथे ठसे गुप्तहेराचे उमटतील.

१९१५च्या प्रेक्षकाला हे किती ताजं वाटलं असेल याचा विचार करा. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग १९०१ साली सुरू झाला होता. त्याआधी पॅरिसच्या आल्फोन्स बेर्तियोंने गुन्हेगारांच्या शरीराची मापं घेऊन, त्यांची ठरावीक पद्धतीने छायाचित्रं काढून ओळख पटवण्याची शास्त्रीय रीत बसवली होती. तो १९१४ साली वारला. म्हणजे ठसा खोटं बोलत नाही, हा विश्वास लोकांच्या मनात नुकता कुठे रुजत होता. पटकथाकार जोव्हानी बेर्तिनेत्ती विज्ञानकथा लिहिणारा माणूस. त्याने या विश्वासाचाच सुरुंग केला. शास्त्र खोटं बोलत नाही, पण शास्त्राला खोटी साक्ष द्यायला लावता येतं, हे त्याच्या नायिकेला कळलेलं आहे.

यानंतर गुप्तहेर आणखी एक नवं साधन काढतो. मांजराच्या मूर्तीच्या डोळ्यात छोटा कॅमेरा लपवायचा, म्हणजे हिऱ्याला हात घालणाऱ्याचं चित्र आपोआप टिपलं जाईल. ठशानंतर आता छायाचित्र. दोन्हीही माणसाच्या साक्षीपेक्षा भरवशाचे मानले जाणारे पुरावे. त्या कॅमेऱ्याचं फिलिबस काय करते ते तुम्हीच बघा. एवढं सांगतो की पुरावा एकेक करून गुप्तहेराच्या गळ्याभोवती आवळत जातो, आणि एका टप्प्यावर त्याला स्वतःचाच संशय यायला लागतो. पाठलागाच्या कथेत पाठलाग करणाऱ्याचं स्वतःवरचं भान ढळावं, ही कल्पना आजही जुनी झालेली नाही.

म्हणून सांगतो, या प्रसंगांत चेहऱ्यांपेक्षा हात बघा. कोणाच्या हातात काय आहे, कोणती वस्तू कुठे ठेवली गेली, मोजा कोणी घातलाय, कुणाचा हात निपचित पडलाय. कथेचे सगळे सांधे हातांनी जुळवलेले आहेत. प्रसंग संपला की क्षणभर थांबवा आणि स्वतःला विचारा : या घडीला कुट-हेंडीला काय माहीत आहे, लिओ सँडीला काय माहीत आहे, आणि आपल्याला काय? तिघांची उत्तरं वेगवेगळी निघतात, आणि कथेची गंमत त्या फरकात आहे.

सातवी पायरी : काउंटचे प्रसंग घाईने उरकू नका

फिलिबस काउंट दे ला ब्रीव होऊन लिओनोराच्या आयुष्यात शिरते ती एका रचलेल्या प्रसंगातून. लिओनोराचं अपहरण होतं, काउंट तिला सोडवतो आणि घराचे दरवाजे त्याच्यासाठी उघडतात. अपहरणामागे कोण आहे ते आपल्याला माहीत असतं. त्यानंतर काउंट लिओनोराशी प्रेमाने वागतो, तिची मनधरणी करतो.

वेशांतर त्या काळच्या रंगभूमीवर आणि पडद्यावर नवं नव्हतं. बायका पुरुषवेषात विनोदासाठी येत, एखाद्या संकटातून निसटण्यासाठी येत, आणि शेवटी पुन्हा साडेतीन हात घोळाच्या पोशाखात परतत. इथे पुरुषवेष हा विनोद नाही. काउंट सहज, आत्मविश्वासाने वावरतो, आणि लिओनोराबरोबरच्या प्रसंगांत नाटक किती आणि ओढ किती हे चित्रपट स्पष्ट करत नाही. आज या चित्रपटाविषयी जे लिहिलं-बोललं जातं त्यातला मोठा भाग याच प्रसंगांबद्दल असतो, आणि ते योग्यच आहे. क्रेतीचं उभं राहणं, बसणं, वाकून नमस्कार करणं बॅरोनेस म्हणून कसं आहे आणि काउंट म्हणून कसं, ते शेजारी शेजारी ठेवून बघा. शब्दांचा आधार नसताना नटीने तीन माणसं उभी केली आहेत.

आठवी पायरी : आकाशनौकेकडे १९१५च्या डोळ्यांनी बघा

चित्रणाच्या युक्त्या आज उघड दिसतात. आकाशनौकेचा नमुना नमुन्यासारखाच वाटतो. कोरोना फिल्म ही छोटी निर्मितीसंस्था होती. त्याच तुरिन शहरात इताला फिल्मने १९१४ साली ‘काबिरिया’सारखा अवाढव्य ऐतिहासिक चित्रपट काढला होता, पण त्या खर्चाच्या आसपासही हा चित्रपट जात नाही. दिग्दर्शक मारिओ रोंकोरोनीने पैशाची उणीव कल्पनेने भरून काढली आहे. तेव्हा तुलना करायचीच तर भव्यतेची करू नका, सुचण्याची करा.

हे सुचणं हवेतून आलेलं नव्हतं. काउंट झेपेलिनची पहिली आकाशनौका १९०० साली कॉन्स्टन्स सरोवरावर उडाली. १९११–१२च्या लिबियातल्या युद्धात इटलीने स्वतः आकाशनौका वापरल्या, आणि त्यांतून बाँब टाकले. इटालियन प्रेक्षकाने वर्तमानपत्रात हे वाचलेलं होतं. १९१५च्या मे महिन्यात इटली पहिल्या महायुद्धात उतरली. वरून काहीतरी येईल आणि आपल्याला कळणारही नाही, ही भीती खरी होती. चित्रपटाने ती एका देखण्या, बेडर बाईच्या हाती दिली.

आणि दोराला टांगलेला तो पाळणा? महायुद्धात जर्मन आकाशनौकांनी जवळपास तेच केलं. नौका ढगांच्या वर लपून राहायची आणि पोलादी दोराने एक निरीक्षक छोट्या टोपलीत ढगांखाली सोडला जायचा. खाली काय दिसतंय ते तो टेलिफोनवरून वर कळवायचा. हे ठाऊक असलं की फिलिबसचं खाली उतरणं परीकथेतलं वाटत नाही.

नववी पायरी : दुसऱ्यांदा बघा, पण अख्खा नको

पहिल्या खेपेनंतर दोन-चार दिवसांनी फक्त एक प्रसंग निवडा. हिऱ्यांच्या चोरीचा भाग घ्या, नाहीतर गुप्तहेराच्या घरात शिरण्याचा. आवाज बंद करा. एकदा फक्त पुढच्या पात्रांकडे बघा, एकदा फक्त मागच्या भागाकडे. दर वेळी चित्र तुटून नवं चित्र कधी येतं ते टिपून ठेवा आणि तिथेच का आलं असेल याचा विचार करा. कॅमेरा जिथे नेहमीचं अंतर सोडून एखाद्या वस्तूजवळ जातो, तिथे दिग्दर्शकाला ती वस्तू तुमच्या मनात ठसवायची आहे. जवळची चित्रं मोजकी असल्यामुळे हे सहज कळतं. चित्रपट कसा रचतात हे शिकू पाहणाऱ्याला मूकपटासारखा उघडा नकाशा दुसरीकडे मिळणार नाही.

दहावी पायरी : इथून पुढे कुठे जायचं

‘फिलिबस’ आवडला तर याच घराण्यातले आणखी चित्रपट बघता येतील. फ्रान्समध्ये व्हिक्तोरँ जासेने १९११ साली ‘झिगोमार’ या मुखवटेधारी गुन्हेगारावर चित्रपट काढला आणि १९१३ साली ‘प्रोतेआ’. त्यात जोझेत आंद्रिओ ही वेषांतरात पटाईत हेर झाली आहे. त्याच सुमारास लुई फ्योयादने गोमाँ कंपनीसाठी ‘फान्तोमा’ची पाच चित्रपटांची मालिका केली. फिलिबसच्या मागे ही सगळी मंडळी उभी आहेत. तरी बघण्याच्या क्रमात मी त्यांना नंतर ठेवेन.

सरळ फ्योयादच्या ‘ले व्हाम्पीर’कडे वळा. नावावरून रक्त पिणारी भुतं डोळ्यांसमोर येतील, पण ही पॅरिसमधली गुन्हेगारांची टोळी आहे. नोव्हेंबर १९१५ ते जून १९१६ या काळात दहा भागांत प्रदर्शित झालेली ही मालिका एकूण सुमारे सात तासांची आहे. तिच्यात मुझिदोरा ही अभिनेत्री आहे. मूळ नाव जान रोक, जन्म १८८९चा. तिने साकारलेली इर्मा व्हेप, अंगाला घट्ट बसणाऱ्या काळ्या पोशाखात छपरांवरून, खिडक्यांतून वावरणारी चोर, त्या काळातली सगळ्यात गाजलेली स्त्री-गुन्हेगार ठरली. महायुद्ध चालू असताना फ्योयादने पॅरिसच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रण केलं. ओस रस्ते, उपनगरांतल्या एकाकी भिंती, आणि त्यांतून सरकणारी काळी आकृती, हे कुठल्याही स्टुडिओत उभं करता आलं नसतं.

नवख्याची एक अडचण इथे ठरलेली आहे. पहिले दोन भाग संपतात तरी इर्मा व्हेप दिसत नाही. ती येते तिसऱ्या भागात, एका रात्रीच्या गाण्याच्या अड्ड्यावर. दाराबाहेर तिच्या नावाची जाहिरात असते आणि त्यातली अक्षरं जागा बदलून टोळीचं नाव तयार करतात. पहिला भाग नीट बघा, कारण पत्रकार गेराँद आणि त्याचा मित्र माझामेत यांची ओळख तिथेच होते. दुसरा भाग अगदी छोटा, पाव तासाचा आहे, तोही बघून टाका. पण तिसऱ्यापर्यंत पोचायच्या आत मालिका सोडू नका. सलग सात तास बसू नका. एका बैठकीत एक किंवा दोन भाग पुरे. प्रत निवडताना सिनेमातेक फ्राँसेज या फ्रान्समधल्या चित्रपट-संग्रहालयाने १९९६ साली पुनर्संचयित केलेल्या आवृत्तीवरून निघालेली शोधा.

तिथून पुढे मुझिदोराच आवडली असेल तर फ्योयादची ‘ज्युदेक्स’ लावा. ‘ले व्हाम्पीर’वर गुन्हेगारीचं उदात्तीकरण केल्याची टीका झाली होती, म्हणून या मालिकेत नायक न्यायाच्या बाजूचा आहे. १९१६ साली चित्रित झालेली ही मालिका १९१७ साली प्रदर्शित झाली. एक प्रस्तावना आणि बारा भाग अशी तिची रचना आहे. मुझिदोरा इथे डायना मोंती नावाची कारस्थानी बाई आहे, आणि न्यायाचा पक्ष घेणाऱ्या या कथेतही ती पडद्यावर आली की नजर तिच्यावरून हटत नाही. ही मालिका आठवड्याला एक भाग अशी दाखवली जात होती आणि कथा त्याच वेळी वर्तमानपत्रातून क्रमशः छापली जात होती. तुम्हीही आठवड्याला एकच भाग बघा. मधल्या दिवसांत कोण कुठे अडकलंय हे डोक्यात घोळत राहतं, आणि या चित्रपटांची बांधणी त्या वाट बघण्यासाठीच केलेली आहे.